करारावर गावाचीही सही हवी

३० जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतनेटसाठी, म्हणजे गावोगावी फायबरने इंटरनेट नेण्याच्या केंद्राच्या योजनेसाठी, नवा रस्ता मंजूर केला. सोळा राज्यांतली सुमारे ३ लाख ६१ हजार गावं खासगी कंपन्यांच्या भागीदारीतून ऑप्टिकल फायबरने जोडायची, कंपनीला जी तूट येईल ती भरून काढायला सरकारने १९,०४१ कोटी रुपयांपर्यंत मदत द्यायची, आणि कंपनीने तीस वर्षं ते जाळं चालवायचं, असा तो बेत होता. निविदा निघाल्या. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला, प्रतिसादच नाही म्हणून, सगळं गुंडाळून ठेवावं लागलं. एकोणीस हजार कोटी टेबलावर असूनही उचलायला कुणी आलं नाही, असं आपल्याकडे वारंवार होत नाही.

खासगीकरणाच्या विरोधकांनी यातून काढलेला निष्कर्ष ठरलेलाच होता: कंपन्यांना मलई हवी असते, खेडी नकोत. समर्थकांचाही ठरलेला होता: सरकारी अटी जाचक होत्या. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण ज्या ३ लाख ६१ हजार गावांसाठी हे सगळं चाललं होतं, त्यांना या व्यवहारात काय स्थान होतं, हे दोन्हीकडून कुणी विचारलं नाही. केंद्र सरकार एक पक्ष, कंपनी दुसरा पक्ष. गाव म्हणजे ज्या जमिनीतून केबल जाणार ती जमीन, एवढंच.

माझं म्हणणं सरळ आहे. खेड्यात इंटरनेट न्यायला सरकार आणि खासगी भांडवल दोन्ही लागणार, त्याला पर्याय दिसत नाही. पण ग्रामपंचायत त्या कराराची तिसरी पक्षकार होत नाही, तिच्या हातात पैसे अडवण्याचा अधिकार येत नाही, तोवर भागीदारी कुठल्याही नावाने करा, गावात खांब आणि पेट्या येतील, नेट येईलच असं नाही.

थोडं मागे जाऊ. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क ही योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या, खर्च सुमारे २० हजार कोटी. २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. एक लाख पंचायतींचा पहिला टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाला. दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतलं. महाराष्ट्र त्यातलाच, आपल्याकडे ते महानेट म्हणून ओळखलं जातं. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी जाहीर केलं की एक हजार दिवसांत सहाही लाख गावांत फायबर पोहोचेल. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. बारा वर्षांत खर्चाचा आकडा सातपट झाला.

आता दुसरा एक हिशेब मांडू. जानेवारी २०२५ च्या सरकारी आकडेवारीनुसार २ लाख १४ हजारांवर ग्रामपंचायती ‘सेवेसाठी सज्ज’ होत्या आणि या जाळ्यावरून घरोघरी दिलेल्या फायबर जोडण्या होत्या १२ लाखांच्या आसपास. भागाकार केला तर पंचायतीमागे पाच-सहा घरं. एका ग्रामपंचायतीत दोन-तीन वाड्या, चार-पाचशे उंबरे असतात. त्यातल्या पाच-सहा घरांसाठी जवळपास सात लाख किलोमीटर केबल जमिनीखाली गेली. ‘सज्ज’ हा शब्द सरकारी अहवालात फार कामाचा असतो. केबल आली, नेटच्या उपकरणांची पेटी बसली, एकदा दिवा लागला, गाव सज्ज झालं. दुसऱ्या दिवशी दिवा विझला तरी ते सज्जच राहतं.

दिवा विझतो कसा, हे बघायला दिल्लीला जायची गरज नाही. मध्यंतरी एका आदिवासी तालुक्यातल्या ग्रामपंचायत कार्यालयात बराच वेळ थांबावं लागलं, तिथे भिंतीवर ती पेटी होती. आतल्या बॅटऱ्या गेलेल्या. पथदिव्यांचं बिल थकलेलं, त्याच्या वादात कार्यालयाचीही वीज तुटलेली. केबल कुठल्या तरी पुलाच्या कामात जेसीबीने तोडली होती. संगणक परिचालक मुलगा स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून लोकांचे दाखले काढत होता. रिचार्जही त्याच्याच खिशातून. तक्रार केली का, असं विचारलं तर म्हणाला, “कुणाकडे करायची? केबल टाकली त्या ठेकेदाराचं काम संपलं, पेटी ज्यांची ते म्हणतात लाइट तुमची.” ग्रामसेवकांनी कपाटातून फाइल काढून दाखवली. त्यात पेटी मिळाल्याची पोच होती, खाली शिक्का आणि सही. पंचायतीने या सगळ्या प्रकल्पात केलेली ती एकमेव सही: माल मिळाला.

बिघाडाची तांत्रिक कारणंही आहेतच. सुरुवातीला जाळं झाडाच्या फांदीसारखं पसरलं होतं, एका जागी तुटलं की पुढची सगळी गावं अंधारात. आता सुधारित योजनेत ते गोलाकार करायचं ठरलंय, एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने चालू राहावं म्हणून. खोदण्याआधी कळवण्यासाठी सरकारने २०२३ मध्ये एक ॲपही काढलं. हे सगळं चांगलंच आहे. पण ज्या यंत्रणेला केबल टाकल्याबद्दल किलोमीटरवर पैसे मिळाले, तिला केबल जिवंत ठेवण्यात काडीचाही रस नव्हता, आणि तो का नव्हता याचं उत्तर कराराच्या कागदात आहे, तंत्रज्ञानात नाही.

२०२१ ची निविदा कोरडी का गेली, तेही इथूनच समजतं. कंपनीला सांगितलं होतं की सरकारने आधी टाकलेलं हे जाळं ताब्यात घ्या, दुरुस्त करा, वाढवा आणि तीस वर्षं ग्राहकांकडून पैसे कमवा. जुन्या केबलचा भरवसा नाही, रस्ता खणायची परवानगी प्रत्येक खात्याकडून वेगळी, आणि ग्राहक कोण, तर २०१६ पासून मोबाइल डेटा स्वस्तात वापरणारा माणूस. अशा धंद्यात कोण उतरेल? सुधारित योजनेत सरकारने हे ओळखलं. आता बांधकामाचेही पैसे सरकारचे आणि पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचेही. कंपन्या आल्या. याला भागीदारी म्हणायचं असेल तर म्हणा. मी याला ठेका म्हणेन. ठेक्यात वाईट काही नाही. पण मग ठेकेदारावर नजर ठेवणारा जागेवर हवा, तालुक्याच्या किंवा राजधानीच्या गावी बसून तीनशे गावांचा अहवाल वाचणारा नको.

खासगी कंपन्यांचा पैसा लागतो म्हणून त्यांच्या अटी मानाव्या लागतात, असं एक वाक्य नेहमी ऐकू येतं. त्यातला पैसा कुणाचा, हे एकदा बघायला हवं. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातले पाच टक्के सार्वत्रिक सेवा निधीत जातात. हा निधी २००२ पासून आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. भारतनेट याच निधीवर उभं राहिलं. कंपन्यांचा महसूल म्हणजे शेवटी आपलं रिचार्ज. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा अक्कलकुव्यातल्या ग्राहकालाही ते वाढीव दर पडले, टॉवरची रेंज घरात येवो न येवो. म्हणजे खेड्यातला माणूस या निधीचा लाभार्थी आहे तसाच वर्गणीदारही आहे. वर्गणीदाराला ताळेबंद मागायचा हक्क असतो.

गावाने पैसे भरायचे आणि करारात मात्र त्याचं नाव नसायचं, याचा महाराष्ट्रातला सगळ्यात ठसठशीत अनुभव ग्रामपंचायतींमधल्या सेवा केंद्रांचा आहे. २०११ मध्ये ‘संग्राम’ नावाने ती सुरू झाली, २०१६ नंतर ‘आपले सरकार सेवा केंद्र’ झाली. कल्पना उत्तम होती. जन्माचा दाखला, रहिवासी दाखला, आठ-अचा उतारा गावातच मिळावा. चालवायचं काम बाहेरच्या यंत्रणेकडे. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतून दरमहा बारा हजारांच्या वर रक्कम वळती व्हायची आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या परिचालकाच्या हाती त्याच्या निम्म्याच्या आसपास पडायचे, तेही महिनोन् महिने थकून. आझाद मैदानावर, नागपूरच्या अधिवेशनावर संगणक परिचालकांचे मोर्चे त्यामुळेच गेले. उरलेल्या पैशात कागद, शाई, दुरुस्ती मिळायची होती. ती मिळाली नाही तर रक्कम रोखून धरायचा अधिकार सरपंचाला होता का? नव्हता. पैसे पंचायतीचे, करार वरचा. शाई संपली की परिचालक वर्गणी काढायचा किंवा दाखल्यामागे वरचे दहा रुपये घ्यायचा, आणि मग गावकरी त्याच्याशी भांडायचे. भागीदारीतल्या दोन मोठ्या पक्षांचा वाद गावातल्या दोन गरीब माणसांत कसा उतरतो, ते इथे दिसलं.

हरिसालची गोष्ट वेगळ्या धर्तीची. मेळघाटातल्या धारणी तालुक्यातलं हे गाव २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्यातून देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून नेट, टेलिमेडिसिन, डिजिटल वर्ग. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी ‘लाव रे तो व्हिडीओ’ म्हणत याच हरिसालच्या जाहिरातीची चिरफाड भरसभेत केली, सरकारी बाजूने खुलासे झाले, आणि निवडणूक संपल्यावर दोन्ही बाजूंचा हरिसालमधला रस संपला. कोण खरं बोललं, यात मला फारसं स्वारस्य नाही. उद्घाटनानंतर चौथ्या वर्षी तिथे सेवा बंद पडली तर कुणाचे पैसे अडतील, याची तरतूद कुठेही नव्हती, हे जास्त महत्त्वाचं. दत्तक घेतलेल्या गावाला दत्तक घेणाऱ्याला जाब विचारता येत नाही. देणगीचं हेच वैगुण्य.

याउलट महाराष्ट्रातच एक प्रयोग असा झाला की ज्यात गावाला पहिल्यापासून पक्षकार मानलं गेलं. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या गावांत, टीव्हीच्या न वापरलेल्या लहरी आणि वाय-फाय वापरून, भारतनेटच्या टोकापासून वस्तीपर्यंतचा शेवटचा टप्पा जोडून दाखवला. प्राध्यापक अभय करंदीकर त्याचे प्रमुख होते. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत या प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं. तंत्रज्ञानाचं कौतुक खूप झालं. पण त्यांनी मांडलेलं आर्थिक सूत्र मला जास्त मोलाचं वाटतं. त्यांनी सार्वजनिक आणि खासगी यांच्या जोडीला पंचायत हा तिसरा भागीदार धरला. पंचायतीने सुरुवातीचा काही खर्च उचलायचा, गावातला एखादा तरुण उद्योजक देखभाल आणि वसुली बघणार, आणि मिळकतीत पंचायतीचाही वाटा. नेट बंद पडलं की पंचायतीचं स्वतःचं नुकसान. मग ती गप्प बसत नाही.

सरकारलाही हे अर्धवट उमगलेलं दिसतं. भारतनेट उद्यमी योजनेत स्थानिक तरुणाला जोडण्या देण्याचं आणि सांभाळण्याचं काम देऊन उत्पन्नातला निम्मा वाटा दिला जातो. चांगली सुरुवात आहे. पण उद्यमी हा मूळ कंपनीचा छोटा भागीदार. मुख्य लाइन तुटली की तोही गावकऱ्यांइतकाच हतबल. आणि गावात नेटचा धंदा आधीपासून करणारा एक माणूस असतोच, केबलवाला. खांबावरून खांबावर वायर टाकत, वादळात तुटली की रात्री शिडी घेऊन धावत, वसुलीसाठी दारोदार फिरत त्याने निमशहरी महाराष्ट्रात ब्रॉडबँड पोहोचवलं. सार्वजनिक पैशातून टाकलेला फायबर त्याला जाहीर दराने, अर्ज केल्यावर ठरलेल्या दिवसांत मिळायला हवा. आज त्याला तो मिळवताना नाकी नऊ येतात. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय वाय-फाय विकता येतं. पण त्याला मुळात स्वस्तात आणि भरवशाचं नेट देणार कोण, यावर ती गाडी अडते.

करारात पंचायत यायची म्हणजे नेमकं काय? कंपनीचं दर तिमाहीचं देखभालीचं बिल निघण्याआधी गावागावातल्या चालू-बंदच्या तासांचा तक्ता, यंत्राने आपोआप नोंदवलेला, पंचायतीकडे यावा, आणि मोजणी तालुक्याच्या केंद्रात न होता शाळेतल्या किंवा आरोग्य उपकेंद्रातल्या जोडणीवर व्हावी. तक्ता खोटा असेल तर पंचायतीने आठ दिवसांत हरकत घ्यावी. हरकत असेल तर त्या गावापुरती रक्कम थांबावी. पेटीच्या खोलीचं आणि विजेचं भाडं कंपनीने पंचायतीला द्यावं, म्हणजे लाइट तुमची की आमची हा वाद मिटेल. तोच तक्ता कार्यालयाबाहेरच्या फलकावर लागावा, जिथे घरपट्टीच्या थकबाकीदारांची यादी लागते.

यावर पहिला आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो मीही घेतला असता. सरपंचाच्या सहीला किंमत आली की सहीचा दर ठरेल. टक्केवारी कुणाला नवी आहे? म्हणूनच मी सही न झाल्यास बिल अडेल असं म्हणत नाही. हरकत आली तरच अडेल असं म्हणतोय, आणि तीही यंत्राच्या नोंदीशी ताडून. हरकत घ्यायचा अधिकार सरपंचाबरोबर मुख्याध्यापकाला आणि आशा किंवा अंगणवाडी सेविकेलाही द्यावा. नेट नसल्याचा चटका त्यांना आधी बसतो. २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट मोबाइल सरकारला परत केले होते, ते काही कुणी शिकवलं म्हणून नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्थानिक संस्था करारात असली म्हणजे लोकांचं भलं होतंच असं नाही. कोल्हापूरच्या रस्त्यांचं उदाहरण ताजंच म्हणावं असं. बांधा, वापरा, हस्तांतरित करा या तत्त्वावरच्या त्या करारात महापालिका होती, तरी टोल बसेपर्यंत शहराला त्यातल्या अटींचा पत्ता नव्हता. मग एन. डी. पाटील, गोविंद पानसरे रस्त्यावर उतरले, सगळं शहर उतरलं आणि २०१५ मध्ये टोल जाऊन भरपाईचा बोजा सरकारी तिजोरीवर आला. सहकाराचंही तेच. मुळा-प्रवरा वीज संस्थेने नगर जिल्ह्यात चार दशकं स्वतःच्या सभासदांना वीज दिली. थकबाकीचा डोंगर झाला आणि २०११ मध्ये काम महावितरणकडे गेलं. स्थानिक ताबा म्हणजे आपोआप चांगला कारभार, असं मानणारा माणूस महाराष्ट्रात राहिलेला नसावा. मला पंचायतीने नेट चालवायला नकोच आहे. तिने फक्त हिशेब तपासावा आणि ओरडावं, आणि तिच्या ओरडण्याने कुणाचे तरी पैसे थांबावेत. कराराच्या अटी ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवल्या तर कोल्हापूरला जे उशिरा कळलं ते गावाला वेळेत कळेल.

घाई कसली, मोबाइल आहेच की, असं म्हणणारे शहरात भेटतात. ई-पीक पाहणी शेताच्या बांधावर उभं राहून करायची असते. रेशन दुकानात अंगठा लागला नाही तर धान्य नाही. रोजगार हमीची हजेरी फोटोवर. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेत ई-केवायसी सक्तीची झाली तेव्हा ओटीपीसाठी बायका रेंज शोधत डोंगर चढल्या. सरकारने आपले सगळे दरवाजे नेटच्या आत नेऊन ठेवले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला, तो याच पार्श्वभूमीवर. हक्क असेल तर तो पुरवणाऱ्याला जाब विचारायची जागा गावात लागते.

आता पुढचा व्यवहार दारात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम या जिल्ह्यांतल्या सरकारी संस्था आणि दुर्गम भाग उपग्रहावरून जोडायचा विचार आहे. हेच चार जिल्हे राज्याचे आकांक्षित जिल्हे, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेले, आणि पाच राज्यांतल्या अशा जिल्ह्यांतल्या ७,२८७ गावांना मोबाइल टॉवर द्यायला केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये ६,४६६ कोटी मंजूर केले होते, पाच वर्षांच्या चालवण्याच्या खर्चासकट. भामरागडच्या किंवा धडगावच्या पाड्यावर जिथे केबल कधीच जाणार नाही, तिथे उपग्रह हाच शहाणपणाचा मार्ग असू शकतो. परदेशी कंपनी म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण इरादापत्राचा करार होईल तेव्हा मासिक शुल्क कोण भरणार, किती वर्षं, शाळेतली डिश बिघडली तर किती दिवसांत बदलणार, कंपनीने दर वाढवले किंवा ती निघून गेली तर काय, हे प्रश्न आधी सुटले पाहिजेत. रेल्वे स्थानकांवरच्या मोफत वाय-फायमधून गुगल २०२० मध्ये बाहेर पडली तेव्हा सेवा सुरू राहिली, कारण केबल रेल्वेच्या रेलटेल या कंपनीची स्वतःची होती. आकाशातल्या उपग्रहाचं तसं नसतं.

गडचिरोली आणि नंदुरबारचा मोठा भाग पेसा कायद्याखाली, म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, येतो. १९९६ चा कायदा, २०१४ चे राज्याचे नियम. गावाच्या विकासाच्या योजना ग्रामसभेपुढे ठेवणं तिथे कायद्यानेच अपेक्षित आहे. त्यामुळे नवा कायदा, नवा निधी, नवी समिती यातलं काहीही न करता सरकारला एक गोष्ट लगेच करता येईल: कराराचा मसुदा मराठीत, आणि तिथल्या लोकांच्या गोंडी, माडिया, भिली, पावरीत समजावून, या दोन जिल्ह्यांतल्या ग्रामसभांपुढे ठेवायचा आणि त्यांचे ठराव कराराला जोडायचे. कंपनीला हे मान्य नसेल, तर तेही सही करायच्या आधीच कळेल.